पंचावन्न किलोंच्या आतली पोरगी

सात वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आगेमागे, मी माझ्या नातीच्या पोळीत अकरा दिवस चोरून तूप भरलं. पोरगी कबड्डीच्या पंचावन्न किलो वजनगटात खेळता यावं म्हणून वजन उतरवत होती, आणि त्याच वेळी मी ते चढवत होते. ती काय करते ते मला ठाऊक नव्हतं, मी काय करते ते तिला ठाऊक नव्हतं. एका स्वयंपाकघरात दोन कारस्थानं शिजत होती.

मी तेव्हा चौसष्ट वर्षांची होते. वयच तसं, अंगात मस्ती आणि डोक्यात वारं. आता एकाहत्तरीला थोडी पोक्त झाले आहे, म्हणून त्या चौसष्टीच्या पोरीकडे जरा लांबून बघता येतं. तिला स्वतःच्या हुशारीचा फार अभिमान. कुणाच्या घरी काय शिजतंय ते धुरावरून सांगते म्हणायची. धान विकायला गेली की काट्याजवळून हलायची नाही. दुधात बोट बुडवून बघायची, पोस्टमनने दिलेलं पाकीट आधी उजेडात धरायची. असल्या बाईच्या घरात एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी नात. आणि त्या नातीने एक दिवस भात सोडला.

बाहेरच्या माणसाला यात काय आहे ते कळायचं नाही. सौंदड स्टेशनवर उतरून आमच्या गावाकडे निघालं की दोन्ही बाजूंना धानाची बांध घातलेली शेतं, आमच्या बोलीत बांध्याच बांध्या. आमचे पूर्वज माळव्यातून इकडे आले म्हणतात. कशासाठी आले ते कुणी धड सांगत नाही, पण राहिले ते भातासाठी, याबद्दल मला शंका नाही. आमच्याकडे तापातला माणूसही पेज पितो. रुसलेली सूनसुद्धा भाजी सोडते, भात सोडत नाही. त्यातून नवा चिन्नोर तांदूळ शिजलेला, वास अंगणापर्यंत गेलेला, आणि ही म्हणते, "मले पोळी दे दोन. वरण पातळ वाढ."

"भात काऊन नाही?"

"भूक नाही."

भूक नसणारी माणसं पोळी मागत नाहीत. इथूनच मी तपासाला लागले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ही स्वेटर घालून बाहेर पडली. थंडी अजून यायची होती, मी पदराने वारा घेत होते. विचारलं तर म्हणाली, "सर्दी होऊन राहिली." नाक कोरडं ठणठणीत. तिसऱ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना तिचा फोन चमकला. मी काही फोन उघडला नाही, तो स्वतःच चमकला आणि मी तिथे होते. पडद्यावर एकामागून एक नुसते आकडे. 'छप्पन पॉइंट चार.' खाली कुणीतरी लिहिलेलं, 'अजून उतरव.' मग 'पंचावन्न पॉइंट नऊ.' त्यावर टाळ्या. आणि शेवटी, 'घरी कळू देऊ नको.'

आकड्यांचा खेळ म्हणजे काय असतो हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत आहे. सट्टा! त्यात प्रेम असणारच, कारण एकटी पोरगी सट्टा लावत नाही, कुणीतरी लावायला शिकवतो. आणि प्रेम असल्यामुळे जेवण सुटलं. दीड दिवसात मी तिन्ही धागे विणून पूर्ण कापड तयार केलं. सुनेला गाठलं.

"पोरीकडे लक्ष आहे का तुझं?"

"आहे ना. कबड्डी खेळून राहिली ते."

"जेवत नाही."

"खेळणाऱ्या पोरी तशाच जेवतात, मामी," म्हणाली (सासूला आमच्याकडे मामीच म्हणतात) आणि विळा घेऊन कापणीला निघून गेली. माझ्याकडे न बघता. म्हणजे तीही सामील.

मग मी मैदान बघायला गेले. कॉलेज शेजारच्या मोठ्या गावात. तिथे दुकानातून साबण घ्यायचा आहे असं सांगून गेले आणि साबण न घेताच झाडाआडून बघत उभी राहिले. सात पोरी, सात गावांच्या. त्यांची कर्णधार जंगलाकडच्या गावातली, आईबाप तेंदूपत्ता तोडणारे. चणीने एवढीशी, पण तिने डोळा वटारला की बाकीच्या सहा जणी जागच्या जागी थांबायच्या. शिकवणाऱ्या मॅडम शिटी वाजवायच्या आणि मग या साती जणी डोकं डोक्याला लावून, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून काहीतरी कुजबुजायच्या. डोकी वर निघाली की सगळ्या हसत असायच्या. अशा वेळी सभ्य माणसाने काय समजायचं?

मॅडमनी मला बघितलंच. खुर्ची दिली आणि सांघिक खेळाचे फायदे सांगायला लागल्या. शिस्त येते, तब्येत सुधारते, नेतृत्व येतं, पोरी एकमेकींना समजून घेतात. मी मान हलवत होते. न विचारता फायदे सांगणारा माणूस मला आवडत नाही, बियाणं विकणारेही असंच बोलतात. सात पोरी एकमेकींना समजून घेतात म्हणे! एका घरात तीन बायका समजून घेत नाहीत.

यात माझंही थोडं जुनं दुखणं होतं, ते सांगून टाकते. सातवीत असताना मीही हुतूतू खेळले होते, एकदाच. मुलींनी एकमेकींचे हात धरून साखळी केलेली आणि समोरून एक दांडगी पोर अंगावर आली. माझ्या हातात नव्या हिरव्या बांगड्या. मी बांगड्यांकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि हात सोडून दिला. माझ्या शेजारची तोंडावर पडली, तिचा दात हलला. घरी येऊन मी सांगितलं की तिनेच माझा हात सोडला. तेव्हापासून माझा ठाम सिद्धांत होता, वेळ आली की माणूस हात सोडतो. आपल्या एका चोरीवरून सगळ्या जगाला चोर ठरवायची ही रीत फार सोयीची असते.

तर झाडाआडून परत आल्यावर मी ठरवलं, प्रकरण उघडं पडेल तेव्हा पडेल, तोवर पोरगी वाळता कामा नये. दुसऱ्या दिवसापासून पोळ्या मी लाटायला घेतल्या. सून कापणीत, तिला बरंच वाटलं. वरून पोळी कोरडी ठक्क. पण घडीच्या आत भरपूर तूप आणि दाण्याचं बारीक कूट. वरणात साय घोटून घातली. झोपताना हळदीचं दूध द्यायचे, "सर्दी आहे ना तुला?" म्हणून. तिला नाही म्हणता येईना, सर्दीचं खोटं तिचंच होतं. त्या दुधात खारका वाटलेल्या. चौथ्या दिवशी पोरगी म्हणाली, "आजी, तुह्या पोळ्या अलीकडे लयच मऊ होऊन राहिल्या."

"गहू नवीन आहे," मी म्हणाले.

ती वजन करायची ते गावातल्या आरोग्य उपकेंद्राच्या काट्यावर, हे मला नंतर कळलं. तिथल्या सिस्टर दिवाळीच्या सुट्टीवर गेल्या आणि उपकेंद्राला कुलूप लागलं. त्यामुळे शेवटचे दिवस दोघीही आपापल्या जागी निश्चिंत होतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, गर्दी आणि दिवसभर कबड्डी. शेजारच्या गावच्या मंडईत मुलींचे सामने होते आणि जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडणारी माणसं त्या दिवशी बघायला येणार होती. नात आठवडाभर त्याच एका दिवसावर जगत होती, हे मलाही दिसत होतं. फक्त मला वाटत होतं, तिथे तो येणार आहे. तो म्हणजे आकडेवाला. म्हणून मी म्हणाले, "मीही येते. तुझा डबा मी धरीन."

"तू? खेळ पाहाले?"

"मग काय, मंडईत बसायला?"

मैदानाच्या कडेला मंडप होता आणि मंडपात धानाची पोती मोजायचा मोठा काटा. त्यावर एकेक पोरगी चढत होती आणि वहीवाले गृहस्थ आकडा ओरडून सांगत होते. बारा वाजेपर्यंत वजनं घेणार, पंचावन्नच्या वर भरली ती बाहेर. कर्णधार चढली, एक्कावन्न. दुसरी, त्रेपन्न. आकडे कसले ते आता मला कळायला लागलं आणि कानामागे गरम वाटायला लागलं. माझी नात स्वेटर काढून हसत चढली.

"पंचावन्न किलो सातशे."

हसू तसंच राहिलं, चेहऱ्याचा रंग मात्र गेला. ती उतरली, पुन्हा चढली. पुन्हा सातशे.

आता कुणी म्हणेल, इथे तरी त्या बाईला अक्कल आली असेल. छे! धानवाल्या घरातली बाई काट्यापुढे उभी असली की तिला एकच गोष्ट सुचते. मी पुढे झाले आणि म्हणाले, "काट्यात मारून राहिले तुम्ही."

"कोण मारून राहिलं, बाई?"

"तुम्ही! आयुष्य गेलं माझं काट्यापाशी. ही पोरगी तीन आठवडे धड जेवली नाही आणि वजन कसं वाढलं? दुसऱ्या गावाची पोरगी खेळू नये म्हणून केलं हे."

लोक जमले. नात माझा पदर ओढत होती, "आजी, नको ना." मी ऐकते थोडीच. त्या गृहस्थांनी शांतपणे किराणा दुकानातून वीस किलोचं लोखंडी वजन मागवलं आणि काट्यावर ठेवलं. बरोबर वीस. वर मलाही म्हणाले, "या, तुम्हीही चढा, बाई." मी चढले नाही.

तेवढ्यात कर्णधार नातीपुढे येऊन उभी राहिली. "खरं सांग, काय खाल्लंस?"

"देवाशपथ, दोन पोळ्या आणि पातळ वरण. रोज तेच."

"डबा कुठे हाय?"

डबा माझ्या पिशवीत. तिने हात पुढे केला आणि मी तो दिला. न देऊन सांगणार काय? तिने वरची पोळी काढली, मधोमध फाडली आणि बोटं वर धरली. उन्हात तिची बोटं चमकत होती. साती जणींनी आधी बोटांकडे बघितलं आणि मग माझ्याकडे.

मला वाटलं, आता सुटला हात. आता या सहा जणी तिला सोडतील, आपापल्या आयांकडे जातील, म्हणतील तुझ्या घरचं तू बघ. मी वाटच बघत होते म्हणा ना. मॅडमनी घड्याळ बघितलं, सव्वा तास होता. कर्णधाराने कमरेला बांधलेला आपला स्वेटर सोडला, अंगात घातला आणि नातीला म्हणाली, "घाल तूही. चाल."

"तू कायले? तुझं तर एक्कावन्न हाय."

"चाल म्हटलं ना."

बाकीच्या पाच जणींनीही कुणाचे कुणाचे स्वेटर, शाली, एकीने तर दुकानातलं पोतं अंगाला गुंडाळलं. मैदानामागे तलाव होता. त्याच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, साती जणी पळायला लागल्या. वर ऊन, खाली धूळ. मी पाळीच्या टोकाला दगडावर बसून मोजत होते, कोण आधी थांबते ते. मला अजूनही खात्री होती, कुणीतरी थांबेल. चौथ्या फेरीला नात थांबली. गुडघ्यावर हात ठेवून रडायला लागली. कर्णधाराने तिच्या पाठीत धपका घातला, "रडून घे, पाणीच जाते," आणि तिने व आणखी एकीने दोन बाजूंनी दंडाला धरून तिला पुढे नेलं. त्या दोघींनाही दुपारी खेळायचं होतं. आपल्याही पायातलं बळ जातंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. मी त्या दोघींच्या तोंडाकडे फार बारकाईने बघत होते, कुठे वैताग दिसतो का, उपकार केल्याचा भाव दिसतो का. मला काही सापडलं नाही, आणि शोधण्यात मी कच्ची नाही.

पाऊण तासाने वजन. पंचावन्न किलो एकशेतीस. पुन्हा पळणं. कानातले काढले, पायातली तोरडी काढली, नखं कापली. बाराला दहा मिनिटं असताना पंचावन्न किलो नव्वद. घाम येणंही बंद झालं होतं.

"केस," कर्णधार म्हणाली.

नातीची वेणी कमरेखाली. दर रविवारी मी तेल घालायचे, तिच्या आईलाही हात लावू द्यायचे नाही. शेजारच्या बांधीत धान कापणाऱ्या बाईचा विळा कुणीतरी आणला. पोरगी माझ्याकडे पाठ करून बसली.

"काप."

"मी?"

"मग कोण? तूच काप." आणि मान खाली घालून म्हणाली, "आजी, मले एकदा विचारलं काऊन नाहीस?"

"तू मले सांगितलं काऊन नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू जेवू घातलं असतंस."

"न सांगता घातलंच ना."

तिच्या पाठीवरून मला कळेना, ती हसतेय की रडतेय. मी वेणी मानेपाशी मुठीत धरली. धान कापते तसा विळा ओढला. वेणी हातात आली तेव्हा ती एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं.

चोपन्न किलो नऊशे ऐंशी. वहीवाल्या गृहस्थांनी आकडा ओरडून सांगितला आणि मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "काटा बरोबर आहे ना, बाई?"

पहिला सामना त्या जिंकल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण सामना बघितला आणि तोसुद्धा मुख्यतः पंचांवर नजर ठेवून. नात चढाईला गेली की इकडच्या सहा जणी श्वास धरायच्या. ती परत आली की तिला हात लावून बघायच्या, जणू खरंच आली का याची खात्री करत असाव्यात. ती बाद होऊन बाहेर बसली तर खेळत असलेली एखादी पटकन मागे वळून बघायची, आणि तिने बोटाने काहीतरी खूण केली की पुढची चाल तशी पडायची. मला वाटलं होतं की सांघिक खेळ म्हणजे सात जणींनी मिळून एकीला पकडायचं. तो अर्धाच होता. उरलेला अर्धा मॅडमनी फायद्यांमध्ये सांगितला असता तरी माझा विश्वास बसला नसता.

दुसऱ्या सामन्यात पाय गेले. सगळ्यांचेच गेले, पण नातीचे आधी. शेवटच्या चढाईत तिला मधल्या रेषेपर्यंत यायला हातभर कमी पडलं. ती पडली तेव्हा तिचा हात रेषेकडे ताणलेला होता आणि कापलेले केस धुळीत. एक गुण. हरल्या.

संध्याकाळच्या आत निवडीची यादी वाचली. त्यात कर्णधाराचं नाव होतं, आणखी एकीचं होतं. नातीचं नव्हतं. यादी वाचणाऱ्यांनी कुणाची शिफारस घेतली असेल असा विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. पण तो विचार फार वेळ टिकला नाही. सातशे ग्रॅम कुणाचे होते ते मला ठाऊक होतं.

नात पाळण्याच्या रांगेत मैत्रिणींबरोबर उभी होती, कुणाच्या तरी विनोदावर मान मागे टाकून हसत होती. मानेमागे मी कापलेला तिरका काठ दिसत होता. तिच्याकडे जायचा धीर मला झाला नाही. मी कर्णधाराकडे गेले. ती एकटी, मंडपाच्या दोराला टेकून पायातला काटा काढत होती. मी तिला सगळं सांगितलं. पोळी तर तिने पाहिलीच होती. मी दूध सांगितलं, साय सांगितली, खारका सांगितल्या, झाडाआडून बघितलं ते सांगितलं, सट्टा आणि आकडेवालाही सांगितला. म्हटलं, "माझ्यामुळे तिचं नाव राहिलं. तुमचा सामनाही गेला." आणि पदर डोळ्यांना लावला. चौसष्टीच्या पोरीला रडू फार लवकर यायचं.

तिने काटा काढला, उन्हाकडे धरून बघितला, फेकून दिला. मग उभी राहून दोन बोटं तोंडात घालून शिटी मारली. पाळण्याच्या रांगेतून सहाही जणी धावत आल्या आणि आमच्याभोवती गोल उभ्या राहिल्या, माझी नातही. कर्णधार मला म्हणाली,

"आजी, रडू नका, त्यानं काही होत नाही. आमच्यात जिच्यामुळं संघ अडकते, तिनं सगळ्यांसमोर वीस उठाबशा काढाच्या राहतात. मीही काढल्या हायेत, तुमच्या नातीनंही काढल्या हायेत. तुमचे गुडघे पाहून दहा करतो. धरा कान, आम्ही मोजून राहिलो."